शैक्षणिक कर्जमाफी: शेतकऱ्याला मिळते, मग विद्यार्थ्याला का नाही?

लिपिक_बार्शी (धागाकर्ता)

परवा दुपारी ऑफिसातला फोन वाजला. मी ज्युनियर कॉलेजात क्लार्क आहे, हा फोन म्हणजे बहुतेक वेळा 'दाखला कधी मिळेल' विचारणारे पालक. पलीकडून मात्र माझंच नाव घेतलं गेलं. "मुलाच्या लोनला सहकर्जदार तुम्हीच ना? तीन हप्ते थकलेत. कॉलेजचा नंबर तुमच्या फॉर्मवर होता." समोर शिपाई बोनाफाइडचा गठ्ठा सहीला घेऊन उभा. मी "हो, हो, बघतो" म्हणून फोन ठेवला. शिपाई काही बोलला नाही, पण त्याला कळलं.

आकडे मांडतो, म्हणजे हवेत चर्चा नको. मुलगा मेकॅनिकलचा, २०१८ ते २०२२. विनाअनुदानित कॉलेज. ईबीसीतून (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलत) अर्धी ट्यूशन फी सुटली. ती वजा जाऊन उरलेली फी, डेव्हलपमेंट फी, हॉस्टेल आणि मेस मिळून वर्षाला दीड लाख, चार वर्षांचे सहा लाख. व्याज ११ टक्के. शिकत असताना हप्ता नाही, शिक्षण संपल्यावर आणखी एक वर्ष नाही, असं बँकेनं सांगितलं होतं. खरंच होतं ते. फक्त त्या पाच वर्षांत व्याज झोपलेलं नव्हतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, शेवटच्यावर दोन. बेरीज दोन लाख एकतीस हजार. ते मुद्दलात मिळवलं आणि २०२३ मध्ये पहिला हप्ता सुरू झाला तेव्हा कर्ज होतं आठ लाख एकतीस हजार. दहा वर्षांसाठी महिन्याला ११,४५० रुपये.

मुलाला चाकणला नोकरी लागली, ट्रेनी म्हणून. हातात अठरा हजार. भोसरीत कॉट बेसिसवर राहतो, डबा लावलाय. तो पाच-सहा हजार देतो, बाकीचं मी घालतो. यंदा आईच्या मोतीबिंदूचं निघालं आणि तीन महिने जमलं नाही.

केंद्राची व्याज सवलत योजना आहे, २००९ पासून. शिक्षणाच्या काळातलं व्याज सरकार भरतं. पण घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. ही मर्यादा २००९ सालची आहे आणि आजतागायत तीच आहे. त्या साली साडेचार लाख म्हणजे बरं घर होतं. आज आमच्या शाळेतला जुना शिपाईसुद्धा त्यात बसत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली: बिनतारण, बिनजामीन कर्ज, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर व्याजात तीन टक्के सूट. तीही क्रमवारीतल्या निवडक संस्थांसाठी, सुरुवातीला ८६०. आमच्या पोराचं कॉलेज त्या यादीच्या आसपासही फिरकत नाही. आणि योजना पुढच्यांसाठी आहे, आधी अडकलेल्यांसाठी नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या राज्यात २०१७ ला शेतकऱ्यांची दीड लाखापर्यंतची कर्जं माफ झाली, २०१९ च्या योजनेत दोन लाखांपर्यंतची. चांगलं झालं. माझा सख्खा भाऊ त्यात बसला, मला त्याचा हेवा नाही. २०२४ च्या लोकसभेच्या जाहीरनाम्यात काँग्रेसनं १५ मार्च २०२४ पर्यंतची सगळी थकलेली शैक्षणिक कर्जं व्याजासकट माफ करू असं लिहिलं होतं, सत्ता आली नाही, विषय संपला. तेव्हापासून कुणी नावही काढत नाही.

मुद्दल माफ करा असं मी म्हणत नाही. पोरगं शिकलंय, मुद्दल त्यानं फेडावं. पण ज्या काळात त्याला कमवायची मुभाच नव्हती त्या काळातलं दोन लाख एकतीस हजार व्याज सरकारनं उचलावं, आणि पगार ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय पूर्ण हप्ता घेऊ नये. हे मागणं चुकीचं आहे का? सांगा.

---

शाखाधिकारी_निवृत्त

चुकीचं आहे. तुमच्याबद्दल सहानुभूती ठेवून सांगतो. राष्ट्रीयीकृत बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीच मराठवाड्यात.

२००८ ची गोष्ट. २९ फेब्रुवारीला बजेट आलं, साठ हजार कोटींची कर्जमाफी. माझ्या शाखेतल्या एका शेतकऱ्यानं संक्रांतीच्या आठवड्यात बैलजोडी विकून खातं नियमित केलं होतं. मीच मागे लागलो होतो. त्याच्या शेजाऱ्यानं छदाम भरला नव्हता, त्याचं सगळं माफ. हा माणूस मार्चमध्ये शाखेत आला, माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसला, पाणी प्यायला आणि उठून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या वर्षी त्यानंही भरणं बंद केलं.

माफी मिळते थकवणाऱ्याला. जो पोटाला चिमटा काढून भरतो तो मूर्ख ठरतो. शैक्षणिक कर्जात आठ टक्क्यांच्या आसपास थकबाकी २०२२ च्या सुमारास होतीच. आता ती बरीच उतरलीय. माफीची नुसती हवा झाली तरी पुन्हा चढेल. आणि मग पुढच्या पोराला कर्ज देताना मॅनेजर काय करतो? नाही म्हणत नाही. 'कोटेशन आणा, फाइल कर्ज विभागाला पाठवतो, पंधरा दिवसांनी या.' साडेसात लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे. पण न मागता पोराला दमवता येतं, हे मी पाहिलंय. खोटं कशाला बोलू, केलंयही.

---

खानदेशी_तडका

साहेब, बैलजोडीची गोष्ट काळजाला लागली. पण मला एक सांगा, उद्योगपतींची लाखो कोटींची कर्जं 'माफ' होतात तेव्हा पतशिस्त कुठं चरायला जाते?

---

शाखाधिकारी_निवृत्त

हा प्रश्न येणार हे ठाऊक होतं. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे. चार वर्षं बुडीत राहिलेलं खातं बँक आपल्या ताळेबंदातून काढते, वसुली चालूच राहते. धागाकर्त्यांच्या पोरासारख्याचं खातंही असंच निर्लेखित होतं, आणि त्यानंतरही नोटीस येते.

---

वकील_नांदेड

साहेबांची व्याख्या बरोबर, पण अर्धीच. मोठी कंपनी बुडाली की २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली जाते. तिथं बँका एकत्र बसतात, तीन रुपयांच्या दाव्यामागे जेमतेम एक रुपया पदरात पडतो, उरलेल्यावर पाणी सोडतात आणि सगळे हात झटकून घरी जातात. त्याला माफी म्हणत नाहीत, 'हेअरकट' म्हणतात. चाकणच्या ट्रेनीला हा दरवाजा आहे का? त्याच संहितेत व्यक्तींसाठी वेगळा भाग आहे, पण कंपन्यांना जामीन राहिलेले लोक सोडले तर सामान्य माणसाला तो अजून लागूच केलेला नाही. त्याच्यासाठी अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. चोवीस-पंचवीस वर्षांच्या पोरानं कोर्टात जाऊन 'मी नादार' म्हणून अर्ज करायचा. घरचे करू देतील? लग्न कोण जमवेल?

माफी नको असेल तर नको. पण बुडालेल्याला मान खाली न घालता बाहेर पडायची एक वाट तरी ठेवा. मोठ्यांना ठेवलीय.

---

फेडून_मोकळी

माफीला माझा ठाम विरोध आहे. राग आला तर येऊ दे.

सांगलीकडची. बीएससी नर्सिंग, कर्ज तीन लाख वीस हजार. पहिला पगार अकरा हजार होता, नाइट ड्युटीचे वेगळे पैसे. आईच्या पाटल्या गावच्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या, त्या सोडवून आणल्या, दोन वर्षांनी हप्ता अडला तेव्हा परत ठेवल्या. लग्न 'लोन संपल्यावर' म्हणून तीन वर्षं पुढं ढकललं. २०२१ ला, कोविड वॉर्डात असताना, शेवटचा हप्ता गेला. मोबाइलवर मेसेज आला, मी पीपीई किटमध्ये होते, तो चार तासांनी वाचला.

उद्या सरकारनं सगळ्यांचं माफ केलं तर माझ्या पाटल्यांचं व्याज कोण देणार? शेतकऱ्यांच्या २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्याला पन्नास हजार 'प्रोत्साहनपर' दिले. मला नको तसलं बक्षीस. मला एवढंच हवंय की मी वेडी नव्हते असं कुणी म्हणू नये.

---

खानदेशी_तडका

ताई, आदर आहे. पण 'मी सोसलं म्हणून पुढच्यानंही सोसावं' हे सासूचं तर्कशास्त्र झालं.

---

फेडून_मोकळी

सासू काढायची गरज नव्हती. आणि तर्कशास्त्र सासूचं असलं तरी हिशेब माझा आहे.

(व्याजाबद्दल धागाकर्ते म्हणतात ते वेगळं. ते मला पटतं. अभ्यास करताना वाढलेलं व्याज मलाही लुटल्यासारखंच वाटलं होतं.)

---

माजी_अधिव्याख्याता

सगळे बँक आणि सरकार यांच्यातच कबड्डी खेळताहेत. पैसा शेवटी गेला कुठं, हे कुणी विचारत नाहीये. सहा लाख रुपये त्या मुलानं पाहिलेसुद्धा नाहीत. बँकेनं ते थेट कॉलेजच्या खात्यात टाकले.

१९८३ ला वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याआधी आपली पोरं डोनेशन देऊन कर्नाटकात जात होती, तेव्हा त्या निर्णयात अर्थ होता, हे मान्य. पण त्या दिवसापासून उच्च शिक्षणाचा खर्च सरकारच्या खांद्यावरून हळूहळू पालकाच्या खांद्यावर आला, आणि २००१ नंतर बँकांची आदर्श कर्ज योजना आली तसा पालकाच्या खांद्यावरून सतरा-अठरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर. मधल्या मध्ये संस्थाचालकांच्या गाड्या बदलल्या.

मी अशाच एका कॉलेजात नऊ वर्षं शिकवलं. नाव घेत नाही. फी ठरवायला शुल्क नियामक प्राधिकरण आहे, २०१५ चा कायदा आहे. कॉलेज खर्चाचे कागद देतं, त्यावर फी मंजूर होते. खर्चात सगळ्यात मोठा आकडा आमच्या पगाराचा. खात्यावर वेतन आयोगाप्रमाणे पगार जमा व्हायचा आणि दहा तारखेच्या आत त्यातला ठरलेला भाग रोख परत न्यावा लागायचा. अकाउंट्सच्या खिडकीत एक जुना बिस्किटांचा डबा असायचा, त्यात. पावती नाही. म्हणजे माझ्या कागदावरच्या पगारावर मुलांची फी ठरली, त्या फीसाठी मुलांनी कर्ज काढलं, आणि त्या पगाराचा तुकडा डब्यातून संस्थेकडं परत गेला.

आता सरकारनं ते कर्ज माफ केलं तर ती माफी कुणाला मिळाली? विद्यार्थ्याच्या नावावर, पण वीस वर्षांपूर्वी माळरानावर उभ्या राहिलेल्या त्या इमारतीला. उद्या फी आणखी वाढेल, कारण 'सरकार भरतंय'. माफीला माझा विरोध या कारणासाठी आहे, पतशिस्तीसाठी नाही.

---

शाखाधिकारी_निवृत्त

या एका प्रतिसादाला +१००. आम्ही कॉलेजला चेक देताना कॉलेज कसं आहे हे कधी पाहिलं नाही. प्रवेशपत्र आणि फीचं पत्रक, बस्स. शेताचं कर्ज देताना निदान विहिरीला पाणी आहे का ते वाकून बघायचो.

---

लिपिक_बार्शी

प्राध्यापक साहेब, डब्याची गोष्ट वाचून थोडा वेळ गप्प बसलो. पण मग माझ्या पोरानं काय करायचं? त्या डब्याचं व्याजही त्याच्याच हप्त्यात आहे. संस्थाचालकाकडून वसूल होईल तेव्हा होईल, तोवर?

---

फिटर_भोसरी

मी आयटीआय केलं. कॉलेजला गेलोच नाही, परवडत नव्हतं आणि खरं सांगायचं तर डोकंही लागत नव्हतं. आज ओव्हरटाइम धरून महिन्याला सव्वीस हजार घेतो. माझ्याच लाइनवर इंजिनिअर ट्रेनी अठरा हजारात उभे असतात, धागाकर्त्यांचं पोरगं असेल त्यातलंच एखादं.

देशात कॉलेजच्या वयाची शंभर पोरं घेतली तर अठ्ठावीस-एकोणतीसच कॉलेजात जातात, बाकीची माझ्यासारखी. मी चहाच्या पुड्यावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर जीएसटी भरतो. त्या पैशातून इंजिनिअर झालेल्याचं कर्ज फेडायचं? माझी बहीण शेतमजूर आहे, तिनंसुद्धा? शेतकऱ्याच्या माफीत निदान ती बसते कुठंतरी, भावाच्या सातबाऱ्यामुळं. यात आम्ही कुठंच नाही.

बाकी ट्रेनी पोरं चांगली असतात. डबा वाटून खातात.

---

लिपिक_बार्शी

तुमच्या मुद्द्याला माझ्याकडं खरंच उत्तर नाही. मी मुद्दलाची माफी मागत नाहीये, एवढंच परत सांगतो. पण व्याज सरकारनं भरलं तरी ते तुमच्याच खिशातून, हे बरोबर आहे.

---

यॉर्कशायरहून

इंग्लंडमध्ये पंधरा वर्षं आहे, दोन्ही मुलं इथं शिकली, म्हणून इथली पद्धत सांगते. २०१२ पासून फी वर्षाला नऊ हजार पौंड झाली (आता साडेनऊच्या वर), जवळजवळ प्रत्येक इंग्रज पोर कर्ज घेतं. पण परतफेड पगाराला बांधलेली. ठरावीक उत्पन्नाच्या वर जेवढं कमवाल त्याच्या नऊ टक्के, टॅक्ससारखे पगारातूनच कापले जातात. नोकरी गेली की कपात आपोआप थांबते. घरी फोन नाही, ऑफिसात फोन नाही, सहकर्जदार आई-बाप ही भानगडच नाही. २०१२ च्या पद्धतीत तीस वर्षांनी उरलेलं पुसून टाकायचे, २०२३ पासूनच्यांना चाळीस वर्षं केली. ऑस्ट्रेलियात ही कल्पना १९८९ पासून आहे, आणि २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं सगळ्यांच्या शिल्लक कर्जातून सरसकट वीस टक्के कापून टाकले.

स्वर्ग आहे असं नाही. माझ्या मोठ्याचं कर्ज तो फेडतोय त्यापेक्षा जास्त वेगानं वाढतंय, दर एप्रिलला स्टेटमेंट बघून शिव्या देतो. पण त्याच्यामुळं मला कुणी फोन केलेला नाही.

---

शाखाधिकारी_निवृत्त

ताई, तिकडं प्रत्येकाचा पगार सरकारला दिसतो. आपल्याकडं किती लोकांचा दिसतो? क्लासेसमध्ये शिकवणारा, काकांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसलेला, ठेकेदाराकडं रोखीवर असलेला इंजिनिअर, यांचं उत्पन्न 'मर्यादेखाली'च राहणार, जन्मभर. मग फेडणार कोण? ज्याची स्लिप निघते तो चाकणवाला. पुन्हा बैलजोडीच.

---

वकील_नांदेड

स्लिप निघणाऱ्यांपासून सुरुवात करा की. पीएफ कापला जाणारा प्रत्येक पोरगा सरकारला दिसतोच. केरळनं २०१७ मध्ये नऊशे कोटींची परतफेड-साहाय्य योजना आणली होती. एकरकमी माफी नाही, चार वर्षं सरकारनं हप्त्यातला वाटा उचलायचा, पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा, मग उतरत जाणारा. कर्जदारानं आपला भाग भरला तरच. बैल विकणाऱ्याला यात तोटा होत नाही, उलट त्यालाच मदत.

---

टेक्सासकर_नाशिक

मी येऊ का मध्ये? मास्टर्ससाठी बेचाळीस लाख, बिगरबँक वित्त कंपनीकडून, बारा टक्क्यांनी. नुसतं व्याजच वर्षाला पाच लाख. नाशिकचा फ्लॅट तारण. सप्टेंबर २०२५ मध्ये इकडं अमेरिकेत नव्या एच-वन-बी (नोकरीचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर फी लावली. देशाबाहेरून येणाऱ्यांसाठी आहे म्हणतात, पण कंपन्या बिचकल्या आहेत, मुलाखतीत पहिला प्रश्न व्हिसाचा. आमचा विचार कोण करणार?

---

फिटर_भोसरी

भाऊ, तू नको बोलूस 😀

---

टेक्सासकर_नाशिक

बोललो की हसतात म्हणूनच कुठं बोलत नाही. माफी नको मला. अमेरिकन पोरांनाही नाही मिळाली. बायडन यांनी २०२२ मध्ये माणशी दहा-वीस हजार डॉलर माफ करू म्हटलं, जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं सहा विरुद्ध तीननं उडवून लावलं. मला एवढंच विचारायचंय की गाडीला नऊ टक्के आणि शिक्षणाला बारा टक्के, हे कुठलं गणित? गाडी पहिल्या दिवशी शोरूमबाहेर आली की किंमत उतरते.

---

शाखाधिकारी_निवृत्त

गाडी ओढून नेता येते. डिग्री नेता येत नाही. गणित एवढंच आहे. कडू आहे, पण तेच आहे.

---

सिव्हिल_सर्जनचा_मुलगा

अवांतर: सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की एक वर्ष ग्रामीण भागात सेवा द्यायची, असा बाँड आपल्याकडं आहे. तोच उलटा फिरवा. कर्जवाल्या इंजिनिअरनं दोन वर्षं जिल्हा परिषदेत, पाणीपुरवठ्यात, महावितरणात काढावीत, तेवढ्या काळाचं व्याज सरकारनं भरावं. फिटरभाऊंच्या जीएसटीच्या बदल्यात त्यांच्या गावाला निदान टाकीचं एस्टिमेट तरी वेळेवर मिळेल.

---

माजी_अधिव्याख्याता

जागा भरल्या तर. तिथं आधीच कंत्राटी पोरं पंधरा हजारात बसलीत.

---

पहिलटकर_पालक

वाद चालू द्या, मला एक व्यावहारिक शंका आहे. मुलगी यंदा कॉम्प्युटरला लागली, ओबीसी, उत्पन्न आठ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून मुलींना ट्यूशन फी पूर्ण माफ झाली, ती मिळाली. कर्ज फक्त हॉस्टेल-मेसपुरतं काढलंय. इथलं सगळं वाचून पोटात गोळा आला. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर चालतं का? बँकेत विचारलं तर काउंटरवरच्या मुलीनं 'गरज नाही काकू, नंतर बघा' म्हटलं.

---

शाखाधिकारी_निवृत्त

चालतं का काय, भराच. पुष्कळ बँका त्या काळात नियमित व्याज भरलं तर एक टक्का सूटही देतात. तोंडी विचारू नका, अर्ज लिहून द्या, त्याच्या झेरॉक्सवर शिक्का घ्या. महिन्याला दीड-दोन हजारांत निभेल. आणि तुम्ही आयकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर भरलेल्या व्याजाची वजावट मिळते, व्याज भरायला लागल्या वर्षापासून आठ वर्षं. नव्या पद्धतीत मिळत नाही.

धागाकर्ते, तुम्हालाही एक. दहा वर्षांची मुदत का घेतलीत? पंधरा मिळते. त्याच रकमेला हप्ता साडेनऊ हजारांच्या आत आला असता. अर्थात फुकट नाही, एकूण सव्वातीन लाख जास्त जातात. पण सुरुवातीला पंधरा घ्यायची आणि पगार वाढला की आधी फेडून टाकायचं. आजही पुनर्रचनेचा अर्ज करा, तीन हप्तेच थकलेत, खातं एनपीए (बँकेच्या लेखी बुडीत) व्हायच्या काठावर आहे. नव्वद दिवस मोजतात. उद्याच जा.

---

लिपिक_बार्शी

उद्या रजा टाकलीय, जातो.

मुदत मी ठरवली नव्हती साहेब. फॉर्म आधीच भरलेला होता. ज्या ज्या जागी माझी सही हवी होती तिथं पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवल्या होत्या. सतरा फुल्या होत्या. मी मोजल्या, वाचल्या नाहीत.

---

पहिलटकर_पालक

आमच्या फॉर्मवर तेवीस होत्या. आज रात्री काढून वाचते.